गाडी माझ्या नावावर, चालवत होता मेहुणा: लायसन्स संपलेलं असेल तर विमा कुठवर साथ देतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या नावावरची १२५ सीसीची गिअरची बाईक चार महिन्यांपूर्वी तुमच्या मेहुण्यांनी आठवडी बाजाराला नेली. परतताना रस्ता ओलांडणाऱ्या एका ६२ वर्षांच्या भाजीविक्रेत्या गृहस्थांना धडक बसली. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला आणि दवाखान्याचा खर्च साधारण १ लाख ४० हजार झाला. मेहुण्यांकडे विदाउट गिअरचं लायसन्स होतं आणि त्याची मुदत अपघाताच्या सात महिने आधीच संपलेली होती. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू होता. आता मोटार अपघात दावा प्राधिकरणाचं समन्स आलं आहे आणि विमा कंपनीने पत्र पाठवलं आहे की लायसन्स वैध नसल्यामुळे आमची जबाबदारी नाही. तुम्ही विचारता, ‘मी गाडीवर नव्हतोच, मग माझा काय संबंध? विमा भरलाय ना? आणि मेहुण्याच्या खांद्याला लागलंय, त्याचं काय?’

मी २७ वर्षं अपघाताचे दावे चालवतो आहे. त्यात जखमींच्या बाजूने लढलो, गाडीमालकांच्या बाजूने लढलो आणि काही वर्षं विमा कंपन्यांच्या पॅनेलवरही होतो. हाच प्रश्न माझ्या टेबलावर महिन्याला दोन-तीनदा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमचा संबंध आहे आणि तो थेट आहे. आरसीवर ज्याचं नाव, तो कायद्याच्या नजरेत मालक. तुमच्या परवानगीने गाडी नेलेल्या माणसाच्या चुकीची भरपाई तुमच्याकडूनही मागता येते. पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल होऊ शकते, अर्धी-अर्धी वाटणी होत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५ मालकालाच सांगतं की लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी द्यायची नाही. ते मोडलं की कलम १८० प्रमाणे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चालवणाऱ्याला कलम १८१ खाली साधारण तेवढीच शिक्षा. निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा फौजदारी खटला मेहुण्यांवर वेगळा चालेल. पण तुमची झोप उडवणारी गोष्ट दंड नाही, भरपाईची रक्कम आहे.

ती किती असू शकते, याचा अंदाज देतो. समजा, त्या गृहस्थांची कमाई महिन्याला १२,००० धरली आणि पायाच्या अधूपणामुळे कमाईची क्षमता २० टक्के घटली असं डॉक्टरांच्या साक्षीतून ठरलं. वर्षाचं नुकसान २८,८०० झालं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक ठरवून दिले, त्यात ६१ ते ६५ वयाला ७ हा गुणक आहे. म्हणजे २ लाख १ हजार ६००. त्यात दवाखान्याचे १ लाख ४० हजार, चार महिने बुडालेल्या धंद्याचे ४८ हजार, वेदना, आहार आणि सोबतीला राहिलेल्या माणसाचे मिळून समजा ६० हजार. एकूण साडेचार लाखांच्या आसपास, वर अर्ज दाखल झाल्या तारखेपासूनचं व्याज. आकडा पुराव्यावर वर-खाली होईल, पण माझ्या अनुभवात मांडीच्या हाडाचे दावे याच घरात बसतात. समोर तिशीतला कमावता माणूस असता तर हाच हिशेब कुठल्या कुठे गेला असता.

आता विमा. थर्ड पार्टी विमा हा त्या जखमी माणसासाठी असतो, तुमच्यासाठी नाही. कलम १४६ ने तो सक्तीचा केला तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला भरपाई हमखास मिळावी म्हणून. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला १ जून २०२२ च्या दरांप्रमाणे वर्षाला ७१४ रुपये मूळ हप्ता पडतो आणि त्या बदल्यात मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या भरपाईला कंपनीच्या बाजूने कमाल मर्यादा नसते. इतक्या थोड्या पैशात एवढं मोठं संरक्षण दुसरं कुठलंच नाही. ते मिळतं मात्र अटींसह. कलम १५० कंपनीला काही मोजके बचाव घेऊ देतं, आणि त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा बचाव हाच: गाडी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात दारू पिऊन चालवण्याचीही भर घातली.

म्हणजे कंपनी हात झटकून मोकळी होते का? नाही. ५ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरण सिंग या खटल्यात जे सांगितलं, त्यावर आमचा अर्धा व्यवसाय आजही चालतो. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. लायसन्स नव्हतं एवढं दाखवून कंपनीला सुटता येत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा वाजवी काळजी न घेता गाडी दिली, हे कंपनीनेच सिद्ध करायचं. एका प्रकारच्या वाहनाचं लायसन्स असून दुसऱ्या प्रकारचं चालवलं असेल, तर तो फरक अपघाताचं कारण होता का, हे पुराव्यावर तपासायचं. आणि अटीचा भंग सिद्ध झाला तरी प्राधिकरण कंपनीला सांगू शकतं की जखमीला पैसे आधी तू दे, मग मालकाकडून वसूल कर.

यालाच आम्ही ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतो. जखमीच्या दृष्टीने ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे, आणि ते योग्यच आहे. त्या भाजीवाल्या काकांनी तुमच्या मेहुण्यांचं लायसन्स तपासून रस्ता ओलांडायला हवा होता, असं कोणी म्हणणार नाही. पण मालकाच्या दृष्टीने ‘विम्याने पैसे दिले’ हे वाक्य इथे अपुरं आहे. कंपनी भरते ते उसने. वसुलीसाठी तिला नवा दावाही लावावा लागत नाही, त्याच प्राधिकरणापुढे दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते. कलम १७४ प्रमाणे प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली दाखला पाठवू शकतं आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढलेला पाहून माझ्याकडे धावत आलेले मालक मी पाहिले आहेत. निकाल होऊन तीन वर्षं झालेली, मधली समन्सं घरातल्या कोणीतरी घेऊन ट्रंकेत ठेवलेली.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला: तारखेला हजर राहा आणि स्वतःचा वकील द्या. इथे बहुतेक मालक एक चूक करतात. त्यांना वाटतं विमा कंपनीचा वकील आहे ना, तो आपलीही बाजू मांडेल. दाव्याच्या पहिल्या भागात, म्हणजे अपघात कोणाच्या चुकीने झाला आणि भरपाई किती, यात त्याचं आणि तुमचं हित एक असतं. दुसऱ्या भागात, म्हणजे पैसे कोणी सोसायचे यात, तो थेट तुमच्या विरुद्ध उभा असतो. तो आरटीओतल्या कारकुनाला साक्षीला बोलावून लायसन्सचा उतारा दाखल करतो. तुम्ही गैरहजर असाल तर त्याचं म्हणणं खोडायला समोर कोणीच नसतं आणि वसुलीचा आदेश एकतर्फी होऊन जातो.

तुमच्या लेखी कैफियतीत आणि साक्षीत खरं काय ते नेमकं यायला हवं. तुम्ही लिहिलंत की मेहुणे वीस वर्षं दुचाकी चालवतात, लायसन्स तुम्ही एकदा पाहिलं होतं, मुदत संपल्याचं त्यांनाही लक्षात नव्हतं. हे सगळं उपयोगी आहे. जुन्या नियमात लायसन्स २० वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत मिळायचं. वीस वर्षांनी येणारी तारीख कोणाच्या लक्षात राहते? पण साक्षीच्या पिंजऱ्यात काय होतं तेही सांगतो. कंपनीचा वकील शांतपणे विचारतो, ‘लायसन्स पाहिलं होतं म्हणता, त्यावर कुठल्या वाहनाची नोंद होती?’ मालक गप्प. ‘गाडीची किल्ली दिली त्या दिवशी विचारलं होतं का, चालू आहे म्हणून?’ मालक म्हणतो, घरचाच माणूस, काय विचारायचं. ही गप्प राहण्याची दोन मिनिटं पुढे निकालपत्रात एका ओळीत येतात. त्यामुळे साक्षीआधी वकिलासोबत बसून आपल्याला नक्की काय आठवतं आणि काय नाही, हे स्वच्छ करून घ्या.

कायद्याची स्थिती दोन्ही बाजूंनी आहे, तीही लपवत नाही. लायसन्स खोटं निघालं, पण दिसायला खरं होतं आणि माणूस गाडी नीट चालवत होता, तर मालकाने आरटीओत जाऊन खातरजमा करायला हवी होती असं म्हणता येत नाही, हे २०२२ च्या ऋषी पाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मात्र २०२० च्या बेली राम निकालात नोकरीवरच्या चालकाचं लायसन्स जवळजवळ तीन वर्षं संपलेलं होतं, आणि तिथे न्यायालय म्हणालं की नूतनीकरण झालं की नाही हे पाहणं मालकाचं काम होतं. खोटं लायसन्स ओळखणं अवघड, छापलेली तारीख वाचणं सोपं, हा त्यातला फरक. तुमचं प्रकरण दुसऱ्या निकालाच्या जवळ जातं. मेहुणे पगारी चालक नव्हते आणि मुदत सात महिन्यांपूर्वी संपलेली, तीन वर्षं नव्हे, हे मुद्दे तुमच्या वकिलाने ठासून मांडावेत. तरीही माझं प्रामाणिक मत विचाराल तर वसुलीचा आदेश होण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्या हिशेबाने तयारी ठेवा.

तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी असं मत दिलं की संपल्यावर एक वर्ष लायसन्स चालतंच. हे चूक आहे आणि धोक्याचं आहे. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स प्रभावी राहायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. त्याच दुरुस्तीने नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत करायची सोय दिली. ही सोय अर्ज करण्याची आहे, चालवण्याची नाही. मधल्या काळात तुम्ही रस्त्यावर लायसन्स नसलेला माणूस असता, आणि नूतनीकरण झाल्यावर ते नूतनीकरणाच्या तारखेपासून लागू होतं, मागचं भोक बुजत नाही.

विदाउट गिअरचा मुद्दा त्या मानाने तुम्हाला झेपणारा आहे. स्पॉट पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब काय सांगतात ते पाहा. गाडी गिअरमध्ये अडकली, क्लच सुटला असं काही नसून गर्दीतला वेगच कारण असेल, तर गिअरच्या लायसन्सचा अपघाताशी संबंध नाही असं म्हणता येतं. चारचाकीवाल्यांचा असाच एक जुना वाद ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मिटवला: एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं व्यावसायिक वाहनही चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. टेम्पो, छोटा हत्ती, टॅक्सीवाल्या कितीतरी मालकांच्या मानेवरची वसुली त्याने टळली. दुचाकीच्या गिअर-विदाउट गिअरला तो निकाल लागू नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मेहुण्यांच्या खांद्याबद्दल. वाईट वाटतं, पण थर्ड पार्टी विम्यात चालवणारा स्वतः तिसरा पक्ष नसतो. सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकासाठी, म्हणजे आरसीवर नाव असलेल्यासाठी, आणि त्याचंही लायसन्स वैध असेल तरच. गाडी मागून नेलेला माणूस कायद्यात मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालक स्वतःच्याच विमा कंपनीकडे थर्ड पार्टी म्हणून भरपाई मागू शकत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निंगम्मा प्रकरणात सांगितलं आणि २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात पुन्हा अधोरेखित केलं. तुमचा विमा ‘फुल’ असता तरी गाडीच्या दुरुस्तीचे पैसे या परिस्थितीत मिळाले नसते. आधी द्या आणि मग वसूल करा हे तत्त्व तिसऱ्या पक्षासाठी आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला ते लागू होत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी थांबून बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे: ‘ओळखीचे म्हणतात, माझ्याकडे लायसन्स आहे तर गाडी मीच चालवत होतो असं दाखवावं.’ असं करू नका. शपथेवर खोटं बोलण्याचा गुन्हा तर आहेच, पण ते टिकतही नाही. माझ्याकडे एक प्रकरण होतं, मी वकीलपत्र घेण्याआधीच पोलिसांच्या कागदात चालक म्हणून थोरल्या भावाचं नाव लागलेलं. कंपनीच्या तपासनिसाने दवाखान्याचे कागद मागवले. अपघात विभागातल्या केस पेपरवर, रात्री ७.४० ची वेळ टाकून, नर्सच्या अक्षरात धाकट्याचं नाव होतं आणि पुढे ‘स्वतः मोटारसायकल चालवताना पडून जखमी’. एक ओळ. त्यानंतर त्या घराच्या कुठल्याच म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, अगदी समोरच्याचीही थोडी चूक होती या खऱ्या म्हणण्यावरसुद्धा. पूर्ण रक्कम त्यांच्याकडून वसूल झाली आणि फौजदारी मागे लागली ती वेगळी. तुमच्या मेहुण्यांवरही त्याच रात्री उपचार झालेत. तो कागद कुठेतरी आहेच.

लायसन्स-विम्याची हीच गाठ लोक आणखी तीन ठिकाणी मारून घेतात, ती जाता जाता सांगतो. गाडी विकून, फॉर्मवर सह्या करून एजंटाच्या हाती दिली आणि आरसीवर नाव तसंच राहिलं, तर अपघात झाल्यावर समन्स जुन्या मालकालाच येतं. नवीन कुमार निकालात २०१८ साली हे पक्कं झालं. किल्ली देताना हस्तांतराची ऑनलाइन पावती हातात घ्या आणि महिन्याभरात नाव बदललं का ते पाहा. दुसरं, गोव्यात गेल्यावर पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर भाड्याने घेणं. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला चालत नाही, आणि अपघात झाला तर तुम्ही परमुलखात मालकासोबत एकाच बाजूला उभे असता. तिसरं, दहावी-अकरावीतल्या मुलाला क्लासला जायला गाडी देणं. कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. इथे मालकाला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागाच उरत नाही, स्वतःच्या मुलाचं वय ठाऊक असतंच.

आता तुम्ही या आठवड्यात काय करायचं ते. समन्सची प्रत, पॉलिसी, आरसी, मेहुण्यांचं मूळ लायसन्स, एफआयआर, स्पॉट पंचनामा आणि कंपनीचं पत्र एका फाइलला लावा. अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती हे तारखेसकट पाहून घ्या. कंपनीच्या पत्राला वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. लायसन्सची चूक आपसात मान्य असली तरी पत्रात काही कबूल करू नका आणि काही खोटंही लिहू नका. पुढे निकाल विरुद्ध गेला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. त्यासाठी २५,००० रुपये किंवा मंजूर रकमेच्या निम्मे, यातले जे कमी असेल ते आधी भरावे लागतात.

आणि त्या काकांना भेटून या, अजून गेला नसाल तर. वकील म्हणून अनेक जण सांगतील जाऊ नका, कबुली ठरेल. मी २७ वर्षांत माणुसकीने विचारपूस केली म्हणून कोणाची केस बिघडलेली पाहिली नाही. औषधांना काही पैसे दिलेत तर बँकेतून द्या आणि नोंद ठेवा, म्हणजे पुढे हिशेबात धरता येतील. अशी प्रकरणं लोकअदालतीत मिटतात. तिथे कंपनी, तुम्ही आणि काका एका टेबलाशी बसता, रक्कम वाजवी ठरते आणि वसुलीचा वाटा हप्त्याने भरायची मुभाही कंपनीकडून मागता येते. मुलीच्या लग्नाआधी बोजा उतरावा म्हणून दोन वर्षांच्या हप्त्यांवर कंपनीला राजी केलेली प्रकरणं माझ्या कपाटात आहेत. तुमच्या वकिलाला पहिल्याच तारखेला सांगून ठेवा की लोकअदालतीची तयारी आहे.

मेहुण्यांच्या लायसन्सला मुदत संपून आता अकरा महिने झाले. वर्ष पूर्ण झालं की नूतनीकरणासाठी पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा द्यावी लागेल, म्हणून सारथी पोर्टलवर अर्ज याच महिन्यात करायला लावा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा दाखला लागेल. त्यानंतर गिअरच्या दुचाकीसाठी वेगळं लर्निंग, तीस दिवसांनी आठचा आकडा काढून परीक्षा. तोवर बाईकची किल्ली तुमच्याकडे ठेवा.